धडधडीचं कारण

माझे हात कापत होते, कपाळावर घाम फुटला होता, आणि हॉस्पिटलच्या तळमजल्यावर थंड पेयांच्या मशीनसमोर उभा असलेला तो माणूस संत्र्याच्या रसाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होता. शांतपणे. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मशीनमधली ती शेवटचीच बाटली होती.

"अहो... वाचून झालं असेल तर ती मला द्या. नाहीतर मी इथेच आडवी होईन."

त्याने वर पाहिलं आणि त्याचा सगळा शांतपणा उडाला. झाकण उघडून बाटली माझ्या हातात, मी खुर्चीत, आणि तो समोर उकिडवा बसलेला.

"टाइप वन?"

मी मान हलवली.

"सावकाश प्या. आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासा."

मला लहानपणापासून मधुमेह आहे. साखर उतरली की काय करायचं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. एरवी मी फटकन तसं बोललेही असते. पण त्याच्या डोळ्यांत इतकी खरी काळजी होती, की मी मुकाट्याने रस प्यायले.

हात थांबल्यावर मी वरच्या मजल्यावर गेले. नव्या इन्सुलिन पंपाचा अभ्यास चालू होता, त्यात भाग घ्यायला मी आले होते. टेबलामागे कोण, तर हाच! गळ्यातल्या ओळखपत्रावर 'संशोधन समन्वयक'.

"तुम्हाला उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "पण तुम्ही रस प्यायलात. आज चाचणी होणार नाही."

"तुम्हीच दिलात तो!"

"हो. द्यायलाच हवा होता." तो खरोखरच ओशाळला होता. "पण नियम आहे. पुढच्या आठवड्यात या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दातांच्या कवळ्या बनवते. लोकांच्या जबड्यांचे साचे दिवसभर माझ्या हातात असतात, पण एखाद्या जिवंत माणसाचा जबडा हातात घ्यावासा वाटण्याची ती पहिलीच वेळ. घरी येईपर्यंत मी त्याचं बारसं करून टाकलं होतं – नियमावली.

पुढच्या आठवड्यात चाचणी झाली, माझी निवड झाली आणि पंप कमरेला लागला. दंडावरचा सेन्सर साखर मोजत राहणार, ती उतरायला लागली की पंप आपणहून इन्सुलिन थांबवणार. दिसायला एवढीशी डबी! पण त्या डबीमुळे आमच्या घरात एक नवल घडलं. माझी आई रात्रभर झोपली. इतकी वर्षं ती रात्री-अपरात्री उठायची, माझ्या कपाळाला हात लावून घाम आलाय का बघायची. चांगल्या मोठ्या, नोकरी करणाऱ्या मुलीला गदागदा हलवून "बिस्किट खातेस का गं?" विचारायची. मी वैतागायची, ती रडवेली व्हायची. आता भिंतीपलीकडून तिचं घोरणं ऐकू यायचं आणि मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू!

अभ्यासातून बाहेर पडलं की पंप परत करायचा होता. त्यामुळे मी काय वाटेल ते सोसायला तयार होते. नियमावलीसुद्धा.

आणि सोसावं लागायचंच.

"मागच्या भेटीनंतर काही त्रास?" तो दर खेपेला त्याच सुरात विचारायचा.

"झाला ना. बस चुकली."

"तब्येतीचा."

"शेजारीण गाणं शिकतेय. डोकं उठतं."

"डोकेदुखी..." तो टाइप करू लागायचा. "किती वेळ टिकली?"

"अहो, विनोद होता तो!"

"म्हणजे डोकं दुखलं नाही?"

"...दुखलं."

"मग लिहितो."

काय बोलणार अशा माणसाशी! कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय. पण... माझी शीर पटकन सापडत नाही हे कळल्यापासून मी यायच्या आधी टेबलावर गरम पाण्याची पिशवी तयार असायची. सेन्सरवर लावायच्या चिकटपट्टीचे चारही कोपरे तो कात्रीने गोल कापायचा. जीभ किंचित बाहेर काढून, शाळेतल्या मुलासारखा.

"हे कशाला?"

"टोकं राहिली की बाहीत अडकतात. पट्टी उचकटते... दुखतं."

"हाही नियमच का?"

"नाही." त्याचे कान लाल झाले. "हे... असंच."

त्या 'असंच'वर मी आठवडाभर हसत होते. हसता हसता एका आजोबांच्या कवळीत पुढचे दात उलटसुलट बसवले आणि मालकांच्या शिव्या खाल्ल्या. इतका वैताग आणणारा माणूस मला आवडायला लागला होता, आणि या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त वैताग आला होता.

शेवटी एका भेटीत मीच मनाचा हिय्या केला.

"चक्कर?" त्याचं नेहमीचं चालू होतं.

"नाही."

"छातीत धडधड?"

"होते ना," मी त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाले. "इथे आल्यावर. तुम्ही समोर बसलात की."

त्याची बोटं थांबली. कान लाल झाले, मग मान, मग सगळा चेहरा. त्याने माझ्याकडे पाहिलं – इतकं पाहिलं, की मीच नजर खाली घेतली. आता बोलेल... आता बोलेल...

तो टाइप करू लागला.

लाजून कुठेतरी हात गुंतवतोय, असं मला वाटलं. किती गोड, असंही वाटलं. मूर्ख मी!

दुसऱ्या दिवशी अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टरांचा फोन आला. त्यांना तिथे सगळे मोठ्या मॅडम म्हणत. "तुम्हाला छातीत धडधडतं अशी नोंद आली आहे. पंप लगेच बंद करा, इंजेक्शनवर या. हृदयाची तपासणी करून मगच पुढचं ठरवू."

लिहिलं होतं त्याने! माझं आयुष्यातलं पहिलंवहिलं प्रेमाचं बोलणं त्या गाढवाने त्रास म्हणून नोंदवलं होतं!

आईच्या तोंडचं पाणी पळालं. पंप बंद, त्यात मुलीच्या हृदयाला काहीतरी झालंय – मग काय, पुन्हा कपाळावर हात, पुन्हा बिस्किट, पुन्हा माझी चिडचिड. तपासणीला आम्ही दोघी गेलो तेव्हा तिचे डोळे तारवटलेले होते. ती बाहेर बाकावर बसली. आत सिस्टरनी माझ्या छातीला वायरी लावल्या, काढल्या.

"आलेख अगदी ठीक आहे," मोठ्या मॅडम म्हणाल्या. नियमावली खिडकीपाशी उभा होता, पडलेल्या चेहऱ्याने. "पण धडधड कशाने होते ते कळल्याशिवाय पंप चालू करता येणार नाही. पंपामुळे होत असेल तर तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल. नीट आठवून सांगा, कधी होते?"

"इथे आल्यावर."

"जिने चढून?"

"लिफ्टने येते."

"सुईची भीती वाटते का?"

"मॅडम, मी लहानपणापासून रोज टोचून घेतेय."

"मग कशामुळे?"

बाहेरून आईच्या खोकल्याचा आवाज आला. म्हटलं, गेली लाज खड्ड्यात.

"ह्यांच्यामुळे!"

माझे शब्द मलाच ऐकू आले तेव्हा कळलं, काय बोलून बसले ते. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायका म्हणतात ना, त्याच सुरात – ह्यांच्यामुळे!

"म्हणजे... माझे हे नव्हेत! हे आपले... इथले हे..." जितकं सावरावं तितकी रुतत गेले.

मोठ्या मॅडमनी चष्मा काढला. हसू दाबायला त्यांना बरेच कष्ट पडत होते. "हे कोणाचे ते तुम्ही ठरवा. पण मला विचारावं लागेल. तुमच्या दोघांत काही वैयक्तिक संबंध आहे?"

"नाही!" मी म्हणाले.

"माझ्या बाजूने आहे," तो त्याच वेळी म्हणाला. त्याने घसा खाकरला. "बरेच दिवस झाले. यांचं काम दुसऱ्या कोणाकडे द्या, मॅडम. मी आधीच सांगायला हवं होतं."

"आजपासून सिस्टर बघतील," मोठ्या मॅडम म्हणाल्या. " सिस्टर, यांचा पंप चालू करा. धडधडीचा पंपाशी काही संबंध नाही."

पंप सुरू झाला, आणि मी तरातरा बाहेर आले. तो दारातच उभा होता.

"मी काय म्हणाले ते तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं."

"मग लिहिलंत कशाला? माझी आई तीन रात्री झोपली नाहीये!"

"कळलं, म्हणूनच लिहिलं." तो म्हणाला. "ते खरं असावं असं मला इतकं वाटत होतं, की मला माझाच भरवसा वाटेना. समजा तुमच्या हृदयात खरंच काही बिघाड असता... आणि मी आपला हुरळून गप्प बसलो असतो... तुम्हाला काही झालं असतं तर?"

भांडायला आलेली मी, आणि त्याच्या ओळखपत्राची पिळलेली दोरी सरळ करत बसले.

"मग आता तरी बोला ना काहीतरी!" कशीबशी म्हणाले.

"मला तुम्ही आवडता. म्हणजे... तू. तू आवडतेस." तो अडखळला. "तू म्हटलं तर चालेल ना?"

"परवानगी कसली मागतोस!" मी एवढ्याने ओरडले की बाकावरची आई दचकून उठली आणि पर्स सावरत धावत आली.

"काय झालं गं? काही सापडलं का?"

"काही नाही, आई. मी याला आवडते म्हणे."

"ते असू दे," आई म्हणाली. "पंपाचं काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आधी तोच पुढे झाला. तिच्या थकलेल्या डोळ्यांकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाला, "पंप चालू झालाय. हिचं हृदय उत्तम आहे. आज रात्री तुम्ही झोपा, आई."

इतक्या वर्षांत माझ्या आईला असं कोणी म्हणालं नव्हतं. मीसुद्धा नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग त्याचा दंड घट्ट धरून तिथेच ढसाढसा रडायला लागली. तो बिचारा मला खुणेने विचारत होता, आता काय करू? मी सांगितलं नाही. मलाच रडू आवरत नव्हतं.