नऊ महिन्यांचा गुडघा

"एकाच गुडघ्याचे दोन दाखले!" क्लबच्या सचिवांनी दोन कागद टेबलावर आपटले. "दोन्हींवर शिक्का आमच्या फिजिओचाच. एकात आमचा आघाडीचा खेळाडू तीन महिन्यांत मैदानावर, दुसऱ्यात नऊ. पाकिटातून नऊवाला निघाला. तीनवाला टोपलीत चोळामोळा होऊन पडला होता."

ताईंनी कागद उचलले. खाजगी तपासात त्यांची वीस वर्षं गेली होती. मास्तर त्यांच्या बहिणीचे यजमान. बहीण गेली, मास्तरांना घर खायला उठू लागलं, तेव्हापासून ते वही घेऊन ताईंच्या मागे फिरत.

"नऊने काय बिघडतं?" मास्तरांनी विचारलं.

"सगळंच," सचिव म्हणाले. "सगळ्या खेळाडूंच्या पगाराला मिळून एक मर्यादा असते. तीन महिने असतील तर त्याला तीन वर्षांचा करार, पहिल्या वर्षी पगार थोडा कमी. उरलेल्यात कप्तानाला वाढ. पण दुखापत सहा महिन्यांवर गेली की नवा करार देता येत नाही. काढताही येत नाही. जुन्या पूर्ण पगारावर एक वर्ष ठेवायचंच. दोन वर्षांपूर्वीचा नियम आहे. आज संध्याकाळी पाचला कराराची मुदत संपते, आणि अध्यक्ष म्हणतात, चोर सापडल्याशिवाय फिजिओच्या शब्दावर करार नाही."

सचिवांचा फोन वाजला. "हो गं, जेवलो."

मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. असे फोन येणाऱ्यांचा त्यांना अलीकडे हेवा वाटे.

फिजिओ घामाघूम झाला होता. "वर व्यायामशाळेत बोलावलं म्हणून दहा मिनिटं गेलो. पाकीट उघडं, संगणक चालू, शिक्का टेबलावर. अक्कल गहाण ठेवली होती मी."

"तेवढ्यात खोलीत कोण आलं?"

"कप्तान बर्फ न्यायला. सचिव पाकीट तयार आहे का बघायला. आणि खेळाडूचा थोरला भाऊ, कुबड्या परत करायला."

"आणि खेळाडू?"

"तो वर माझ्यासमोरच पायऱ्या चढत-उतरत होता."

कप्तानाने आडपडदा ठेवला नाही. "पेपरात फोटो त्याचा, फुलं त्याला. माझा खांदा निखळला तेव्हा कुत्रंही फिरकलं नाही. जळतो मी त्याच्यावर, लिहून घ्या. पण नऊ महिने? म्हणजे माझी वाढ बुडालीच की!"

मास्तरांनी लिहिलं : कप्तान, जळतो. खाली दोन रेघा मारल्या.

थोरला भाऊ उजवा पाय किंचित ओढत आला. सगळे त्याला दादाच म्हणत.

"तुम्हीही खेळायचात?"

"ह्याच्याहून बरा. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. तेव्हा मर्यादा-बिर्यादा नव्हती. लागलं की चला घरी. गेले तीन महिने मीच करतोय ह्याचं, आंघोळीपासून बुटांपर्यंत." त्याने सुस्कारा सोडला. "पण नऊ महिने म्हणजे संपलंच ना हो. अशाला कोण ठेवून घेतो?"

चार वाजता ताईंनी सगळ्यांना सचिवांच्या खोलीत बसवलं. धाकटा भाऊ, म्हणजे तो खेळाडूही, वरून आला होता.

"कप्तानच, ताई," मास्तर कुजबुजले.

"भावोजी, जळणं वेगळं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं वेगळं." मग ताई मोठ्याने म्हणाल्या, "हा कागद कोणाच्या फायद्याचा? कप्तानाची वाढ जाते. क्लबचे पैसे अडकतात, म्हणजे सचिवांचीच डोकेदुखी. फिजिओची नोकरी धोक्यात येते. यातल्या कोणाला खेळाडूचं वाईटच करायचं असतं, तर त्याने पाच महिने लिहिले असते. मग नियम आड येत नाही, क्लब सरळ नारळ देतो. नऊ लिहिणाऱ्याला वाटलं, आकडा जितका मोठा तितका हा लवकर घरी. म्हणजे नियम त्याच्या गावीच नव्हता. नऊ म्हटल्यावर कप्तानाला वाढ बुडालेली दिसली. दादा, तुम्हाला मात्र भाऊ संपलेला दिसला."



"माझ्या गुडघ्याला कोणी हातसुद्धा लावला नव्हता," दादा जमिनीकडे बघत म्हणाला. "ह्याच्यासाठी यंत्रं, बैठका, पाकिटं. तीन महिने घरात होता तेव्हा हाक मारायचा मला. दिवसातून दहादा. आज सकाळी म्हणाला, उद्यापासून माझा मी जाईन."

"दादा, मी तुला मोकळं करत होतो रे," धाकटा म्हणाला.

सचिवांनी करार पुढे सरकवला. पाचला दहा मिनिटं होती. धाकट्याने सही केली, फिजिओचा हात दाबला आणि तो उठला.

जिन्याशी दादाने सवयीने त्याचं कोपर धरायला हात पुढे केला. धाकट्याने कोपर काढून घेतलं. कठड्याला धरून तो एकेक पायरी उतरू लागला. दादा दोन पायऱ्या मागे, बुटांची पिशवी छातीशी धरून.

पिशवी मात्र धाकट्याने परत मागितली नाही.