ओढ्यावर नसलेला पूल

ओढ्यात पुन्हा एक माणूस उभा होता. कमरेपर्यंत पाण्यात, आणि फोन तेवढा डोक्यावर धरलेला. जणू म्हणत होता, मी बुडालो तरी चालेल, पण हा भिजता कामा नये!

रंगारणीने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. डोंगरवाटेच्या दगडांवर खुणेचे पट्टे रंगवायचं काम तिच्याकडे, म्हणून सगळं खोरं तिला रंगारीणच म्हणायचं. जीभही तशीच... लागली की डाग जात नाही.

"पूल शोधताय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"या महिन्यातले तुम्ही सातवे. हात द्या. तो नको, फोनवाला नको, दुसरा!"

हात बर्फासारखा गार होता, पण सोडताना तिला उगीचच वाटलं, जरा लवकरच सोडला.

संगणकावर एक खेळ आला होता, सातशे वर्षांपूर्वीच्या सरदारांचा आणि तलवारींचा. तो म्हणे याच खोऱ्यावर बेतलेला. तेव्हापासून माणसं पाठीवर पिशव्या टाकून यायची, खेळातली गिरणी बघायची, पडका मनोरा बघायची, आणि खेळात पूल आहे म्हणून बिनधास्त ओढ्याशी यायची. मग व्हायचं ते व्हायचं. रंगारणीने रागाने तो खेळ कधी पाहिलाच नव्हता.

"ज्या उंटावरच्या शहाण्याने तो पूल काढलाय ना," ती म्हणाली, "तो एकदा भेटू दे. याच ओढ्यात तीन डुबक्या देईन त्याला!"

पाहुणा बुटातलं पाणी ओतत होता. ओतता ओतता थांबला.

"तीनच?"

खोऱ्यात मुक्कामाला उतरायची जागा एकच, रंगारणीच्या आत्याचं घर. आत्याने दारातच कपाळाला हात लावला. "आणलास आणखी एक ओला? दोरीवर जागा नाही आता!" पण बोलता बोलता तिने शेगडीजवळची खुर्ची पुढे सरकवली, आणि गरम चहाचा पेला त्याच्या हातात कोंबला.

हा पाहुणा काही बाकीच्यांसारखा नव्हता. बाकीचे विचारायचे, तलवार कुठे सापडते? हा विचारत होता, गिरणीच्या भिंतीला एकाच बाजूला शेवाळ का? गिरणीची तिसरी पायरी कोपऱ्यात फुटलेली आहे, हे त्याला ठाऊक. मनोऱ्याच्या खिडक्या किती, तेही ठाऊक. आणि म्हणे, या खोऱ्यात पाऊल पहिल्यांदाच टाकलंय! आता हे कोडं पोटात घेऊन कुणाला झोप लागेल?

"परवाची गाडी आहे माझी," तो म्हणाला. "त्याआधी एकदा खिंडीच्या पलीकडे जायचंय."

"पलीकडे काय आहे?"

"तेच तर माहीत नाही..."

"उद्या मला खिंडीपर्यंत पट्टे रंगवायचेच आहेत," रंगारीण म्हणाली. "डबा तुम्ही धरा."

आत्या नुसतीच खाकरली.

दुसऱ्या दिवशी तो दर दगडापाशी थांबायचा, हात फिरवायचा, जुनी ओळख असल्यासारखा. तीही थांबायची, दगडाकडे बघत असल्यासारखी. खिंडीत पोचेपर्यंत त्याच्या नाकाला लाल रंग लागला होता. तिने सांगितलं नाही. शोभत होता.

"खेळात इथे सगळं संपतं," तो म्हणाला. "पुढे नुसतं धुकं. पाऊल टाकलं तरी माणूस जागच्या जागी चालत राहतो."

"इथे तसं होत नाही." तिने हात पुढे केला. "टाका पाऊल!"

पलीकडे बटाट्याचं शेत होतं. एक लाल ट्रॅक्टर, आणि कुंपणावर वाळत घातलेला कुणाचा तरी सदरा.

"एवढंच?" तो हसला.

"का, राजवाडा हवा होता?"

"नाही हो... हेच हवं होतं." आणि बघत होता तो तिच्याकडे. ट्रॅक्टर बिचारा उगीचच मधे उभा.

तिचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "दाखवा बघू तो तुमचा पूल."

त्याचा चेहरा पडला. पण त्याने फोन काढला, आणि चित्र पुढे धरलं.

लोक पूल म्हणायचे, म्हणून तिच्या डोळ्यांपुढे नेहमी दगडी कमानींचा पूल यायचा. चित्रात होती एक साधी फळी. एका अंगाला दोरीचा कठडा. आणि दोरीच्या टोकाला उलटी गाठ.

"बाबांची गाठ..." ती खाली बसली. "डावखुरे होते ते. गवत कापलं की भारे आणायला आठ दिवस फळी टाकायचे. मग काढून ठेवायचे, नाहीतर ओढा नेतो. ते गेल्यापासून कुणी टाकली नाही... हे काढणारा इथे आला होता?"

"नाही. त्याला फोटो दिले होते. त्याला वाटलं, पूल कायमचाच आहे. गाठ उलटी का, ते मात्र कळेना. तीन दिवस नुसती गाठच रेखाटत बसला. तेव्हापासून त्याला... ज्यांनी ती घातली, त्यांना भेटायचं होतं."

"त्याला, त्याला काय? तो कोण, बोट दाखवा की!"

त्याने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

ती उठली आणि मागे न बघता उतरू लागली. तो मागून डबा घेऊन. इतकी लांब वाट त्याने कुठल्याच खेळात काढली नव्हती.

ओढा आला. तो थांबला नाही. डबा काठावर ठेवला, तसाच आत गेला, आणि नाक धरून बुडाला. वर आला तो दात कडाकडा वाजत.

"ए-एक!"

तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. "पुरे! बाहेर ये आधी!" अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. "फळी आत्याच्या गोठ्यात आहे. गाठ घालता येते तुला?"

"चित्रात काढता येते. घालायला... शिकवावं लागेल."

परवाची गाडी त्याला न घेताच गेली. फळी ओढ्यावर पडली. दोरी त्याच्या हातात, आणि त्याच्या हातांवर तिचे हात. तीही बापासारखी डावखुरी, त्यामुळे त्याला ती गाठ काही केल्या जमेना. की जमत असून जमेना, देव जाणे.

"आठच दिवस राहतो हा पूल," ती हळूच म्हणाली. "मग काढायचा. पुढच्या वर्षी पुन्हा."

"पुढच्या वर्षीही मीच बांधीन."

"आणि मधलं वर्षभर? पूल नसताना?"

त्याने गाठ आवळली. उलटी, घट्ट, हुबेहूब.

"मधे... भिजत येईन."

आत्या दारातून सगळं बघत होती. ती आत वळली आणि स्वतःशीच पुटपुटली, "कपड्यांची दोरी लांब करून घ्यायला हवी आता."