वायरच्या दुसऱ्या टोकाला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि थापा मारण्याइतकं डोकं त्या माणसाला देवाने दिलेलं नाही.

रात्र वगैरे काही नव्हती. रविवार. भर दुपारचे दोन. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, बाहेर लख्ख ऊन.

मावसभावाला आम्ही सगळे दादा म्हणतो. धंदा वायरिंगचा. त्याचा एक जोडीदार होता, हाताने इतका साफ की त्याला सगळे उस्तादच म्हणायचे. नऊ वर्षं दोघांनी जोडीने काम केलं. गिऱ्हाइकं फोन दादाला करायची आणि विचारायची, "उस्ताद येणार ना?"

दादाच्या पोटात तेव्हाही दुखायचं.

मग उस्ताद तापाने गेला. आठ दिवसांत खेळ खलास. दोन वर्षांनी दादाने त्याच्याच बायकोशी लग्न केलं आणि त्याच घरात राहायला गेला. ती आता माझी वहिनी. लोक काय, बोलायचं ते बोलले. पण दादाचा तिच्यावर खरंच जीव होता. आणि तिथंच तर सगळी गोम होती.

वहिनी दादाला 'अहो' म्हणते. उस्तादला मात्र ती अरे-तुरे करायची. तो मेल्यावरही त्याचंच चालू. "तो असं करायचा, तो तसं करायचा." दादा मान खाली घालून जेवायचा. मेलेल्या माणसाशी भांडणार तरी कसं?

त्या घराचं सगळं वायरिंगही उस्तादचंच. बायकोला हाताशी घेऊन केलेलं.

म्हणून दादाने ठरवलं, या घरात एक तरी गोष्ट आपल्या हातची हवी. मोठा टीव्ही आणला. त्याच्याखाली लावायला साउंडबार आणला. भिंतीवर असा बसवायचा की एक वायर दिसता कामा नये.

वहिनी बहिणीकडे निघाली होती. दारातून म्हणाली, "अहो, भिंतीत पाइप आहे बरं का. हॉलमधून आतल्या खोलीपर्यंत. टीव्हीसाठी त्यानं तेव्हाच टाकून ठेवलाय. नुसती वायर ओढायची."

"मला नको कुणाचा पाइप," दादा म्हणाला. "मी माझी खाच खोदीन."

खोदली की! वीतभर गेल्यावर सिमेंटचा खांब लागला. झक मारत जुन्या पाइपाकडे यावं लागलं.

इंटरनेटचा डबा आतल्या खोलीत. तिथून त्याने वायर पाइपात ढकलायला घेतली. हे खरं तर दोघांचं काम. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने पलीकडून ओढायचं. वायर हाताला लागली की ओढणारा दोन झटके देतो. 'मिळाली, सोड आता.' ही उस्तादची खूण. नऊ वर्षं दादाने ते झटके हातावर झेलले होते.

आज पलीकडे कोणी नव्हतं.

चार हात वायर आत गेली...

आणि झटका बसला.

एक. दोन.

दादा जागच्या जागी थिजला. "कोण आहे रे?"

वायर सरसर आत जायला लागली... तो ढकलत नसताना.

तो हॉलमध्ये धावला. कोणी नाही. दाराला आतून कडी. भिंतीतल्या भोकातून वायर बाहेर आली होती. हवी तेवढीच. खाली तिची नीट गुंडाळी केलेली.

दादाने घाईघाईने काम उरकलं. संध्याकाळी वहिनी आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"अगंबाई! एक वायर दिसत नाही. अगदी त्याच्यासारखं झालंय!"

बस्स. भीती राहिली बाजूला, दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुपारचा प्रकार त्याने तिला सांगितलाच नाही. सांगितलं असतं तर ती घाबरली नसती, आनंदली असती. तेच त्याला सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टीव्ही उतरवला. आतल्या डब्यातून वायर सोडवली. "काढून टाकतो. बाहेरून नेतो. दिसली तर दिसू दे."

हॉलमधून त्याने वायर ओढली. येईना.

भिंतीला पाय लावून ओढली. येईना.

थांबून नुसती धरून उभा राहिला. आणि तळहाताला जाणवलं...

एक. दोन.

वायर टाकून तो आत गेला. वहिनी भिंतीशी जमिनीवर बसली होती. वायरचं टोक तिने हाताला गुंडाळलं होतं. डोळे भरलेले.

"अहो, दोन झटके दिले! आत्ता! आम्ही वायरिंग करायचो तेव्हा तो अस्सेच..."

"तू ओढलंस का?"

"मी नुसती घट्ट धरून बसलेय."

दादाने झटका दिला नव्हता. तिनेही नाही. मग दोन्ही टोकांना ओढणारा होता कुठे?

हा प्रश्न नंतरचा. त्या वेळी त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"मीच ओढलं. मी होतो."

वहिनीचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्ही होय..."

ते 'तुम्ही होय' दादाच्या आजही काळजात आहे.

ती हाताची वायर सोडवायला लागली. दादा तिच्या शेजारी उभा. हॉलमध्ये चिटपाखरू नाही. आणि तिच्या हातातली वायर... ताणली गेली.

एक. दोन.

वहिनीने भिंतीला गाल टेकला.

"इतका उशीर का रे केलास?"

दादाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

टीव्ही पुन्हा भिंतीवर गेला. तिनेच लावायला लावला. आता दादा आवाज मोठा करून हॉलमध्ये बसतो, आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं असतं.

मागच्या महिन्यात मी गेलो होतो. वहिनी आत एकटीच होती, तरी मधेच हसल्याचा आवाज आला. मला कसंसंच झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "काम झकास झालंय रे दादा. कोणी केलं?"

दादाने पटकन त्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोल," तो म्हणाला. "तिनं ऐकलं तर खरं नाव सांगेल."