मोडायचं की ओलांडायचं?

रस्ता रिकामा होता, दिवा लाल होता आणि आम्ही दोघं शहाण्यासारखे उभे होतो.

बाकीची माणसं डावीउजवीकडे बघून खुशाल पलीकडे जात होती. मी नाही. आमच्या घरात मला 'नियमावली' म्हणतात. नाव दादाने ठेवलं आणि वहिनीने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते उचललं. पण माझ्यासारखाच आणखी कुणी थांबलेला बघून मला जरा गंमत वाटली. उंच, वाऱ्याने रापलेला, इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडलेला. दिव्याकडे बघत तो स्वतःशीच पुटपुटला, "आज नाही. आज अजिबात नाही..."

पुटपुटला त्याच्या भाषेत. आणि मी हसले.

तो गर्रकन वळला. "तुम्हाला कळलं?"

"मावशी तुमच्याकडे दिलीय. माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिच्याकडे गेल्या."

"मग... तुम्ही का थांबलात? गाडी तर एकही नाही."

"लाल आहे म्हणून. आणि तुम्ही?"

"मला आजच्या दिवसात एकही नियम ओलांडायचा नाहीये."

"ओलांडायचा? आम्ही मोडतो."

"मोडता?" त्याच्या भुवया वर गेल्या. "काडीसारखा? मग तो परत जोडता कसा?"

"जोडत कोण बसतंय! आणि मोडायचा कंटाळा आला तर धाब्यावर बसवतो. धाबं म्हणजे घराचं छप्पर."

"तिथे काय करतो तो?"

"ऊन खातो."

तो हसला. मोठ्याने नाही, पण डोळ्यांच्या कडांपर्यंत. मग माझी जीभ सुटलीच. माझ्या वर्गात एक स्पॅनिशवाली होती, ते लोक नियमावरून उडी मारून जातात. जपानी लोक तो फाडतात. आणि तुर्की लोकांकडे तुडवणं आणि चावणं याला शब्दच एक, नियमाचं ते तेच करतात... असं बरंच काही मी वाऱ्यावर सोडलं. अनोळखी माणसाशी मी इतकं कधी बोलत नाही.

"बिचारा नियम," तो म्हणाला. "आमच्याकडे बरा आहे. उंबऱ्यासारखा ओलांडायचा. तो त्याच्या जागी, आपण पलीकडे. आणि वाटलं तर..." तो जरा थांबला, माझ्याकडे बघत, "...वाटलं तर परतही येता येतं."

माझे कान गरम झाले. नशीब, वारा होता.

"अरे पोरांनो," काठी टेकत जाणाऱ्या एका आजींनी आम्हाला झापलं, "तो दिवा कालपासून लालच आहे. इथेच संसार थाटणार का?"

काय झालं ते भाषा न कळताही त्याला कळलं असावं. त्याने माझ्याकडे बघितलं. "मग? मोडायचं की ओलांडायचं?"

"ओलांडू," मी म्हटलं. आणि निघालो. रस्ता अरुंदच होता, पण पलीकडे पोचेपर्यंत त्याची बाही माझ्या बाहीला लागून होती आणि दोघांपैकी कुणीच ती बाजूला घेतली नाही. पलीकडे तो कॉफीच्या टपरीपाशी थांबला. मला कामाला उशीर होत होता. मी हात हलवला आणि पळाले. नाव विचारायचं राहिलं हे बंदर कार्यालयाचा जिना चढताना लक्षात आलं आणि मी स्वतःलाच चार शब्द सुनावले.

मी दुभाषी आहे. त्या दिवशी बंदराच्या चौकशी समितीपुढे एका परदेशी फेरीबोट चालकाची सुनावणी होती. लांबलचक टेबल, त्यामागे अध्यक्षबाई, शेजारी पांढऱ्या मिशांचे एक निवृत्त कप्तान, समोर फेरी कंपनीचा वकील, मध्ये आवाज नोंदवणारं यंत्र. कारकुनाने नेहमीचा प्रश्न विचारला. "चालकाशी ओळख, नातं, काही संबंध?"

"नाही," मी म्हटलं आणि सही केली.

मी तसं म्हटलं तेव्हा ते खरंच होतं. मग दार उघडलं... आणि तो आत आला.

त्याने मला बघितलं आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. मी मात्र नुकत्याच केलेल्या सहीकडे बघितलं. आमच्या धंद्यात एकच गोष्ट कधी माफ होत नाही, ती म्हणजे लपवलेली ओळख. मी तिथल्या तिथे उभं राहून सांगायला हवं होतं. मी उठलेही होते. तेवढ्यात कारकून वकिलाला हळूच म्हणाला, "नशीब या बाई मिळाल्या. या भाषेचा दुसरा दुभाषी पुढच्या मोसमापर्यंत नाही. आणि याचा इथे राहायचा परवाना महिनाअखेर संपतोय. आज निकाल लागून बोट चालवायचा परवाना राहिला तरच तो वाढेल, नाही तर गेलाच हा मायदेशी."

मी खाली बसले.

का बसले? त्याच्यासाठी की माझ्यासाठी? तेव्हा विचारलं असतं तर मी सांगू शकले नसते. एवढंच कळत होतं की मी बोलले तर तो माणूस गेला. आणि न बोलले तर मी दिलेली सही खोटी.

दुभाषीपणाची एक गंमत असते. ज्याचं बोलणं सांगायचं त्याच्या वतीने आपण 'मी' म्हणायचं. स्वतःचं काही असेल तर मात्र 'दुभाषीला विचारायचं आहे' असं तिऱ्हाइतासारखं बोलायचं. स्वतःचा 'मी' दाराबाहेर, चपलांशेजारी. मला ते कधी जड गेलं नव्हतं. त्या दिवशी गेलं.

"शेवटची फेरी होती," तो म्हणाला.

"शेवटची फेरी होती," मी म्हणाले. "दोर सोडला होता. बोट धक्क्यापासून निघाली होती. मी आरशात बघितलं तर एक बाई धक्क्यावर आली होती. मी बोट मागे वळवली."

वकील उठला. दोर सुटल्यावर बोट धक्क्याला परत लावायची नाही, हा बंदराचा पहिला नियम. ओहोटी लागलेली, वारा उलटा. बोटीची कूस धक्क्याला घासली, प्रवासी खुर्च्यांवरून पडता पडता वाचले. "आणि कशासाठी? बाई आजारी होती? कुणी दगावत होतं?"

"नाही," तो म्हणाला. "नाही," मी म्हणाले. "तिचा नवरा बोटीत बसून रडत होता. भांडून निघाला होता. ती धावत आली, पण तिने हात हलवला नाही. हाक मारली नाही. ती नुसती उभी राहिली." माझा आवाज जरा हलला. "हात हलवणारी माणसं पुढच्या बोटीने येतात. नुसती उभी राहणारी घरी परत जातात, आणि मग कधीच येत नाहीत."

 आणि लगेच, हे सगळं जसं काही रस्त्यावरच चाललंय अशा सुरात, तो मला म्हणाला, "सकाळी तुम्ही किती छान हसत होता... आता का नाही?"

त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आत उच्चारलेला प्रत्येक शब्द मला सांगणं भाग होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. 

"काय म्हणाले ते?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"...पाणी हवंय," मी म्हटलं.

कारकुनाने पाणी दिलं. तो गोंधळून प्याला. पांढऱ्या मिशांचे कप्तान खोकले. मला वाटलं, माझं काळीज या यंत्रात नोंदलं जात असणार.

मग वकिलाने शेवटचा प्रश्न टाकला. अगदी मऊ आवाजात, गळाला आमिष लावावं तसा. "झालं ते झालं. उद्या तशीच वेळ आली, तशीच एखादी बाई धक्क्यावर येऊन उभी राहिली, तर काय कराल? पुन्हा वळवाल?"

मी प्रश्न त्याला सांगितला. मनातल्या मनात ओरडून सांगितलं, नाही म्हण. चूक झाली म्हण. पुन्हा होणार नाही म्हण, परवाना घे आणि बाहेर ये.

त्याने खिडकीकडे बघितलं. खाली धक्का होता. मग सरळ माझ्याकडे.

"हो," तो म्हणाला. "या वेळी वारा बघून, जास्त सावकाश. पण वळवीन."

आता सगळं माझ्या जिभेवर होतं. 'नाही' म्हटलं तर कुणाला कळणार होतं? इथे ही भाषा येतेच कुणाला? एक छोटा शब्द आणि तो इथेच राहिला असता, याच शहरात, त्याच टपरीवर कॉफी पीत...

आणि मग तो त्याचा 'मी' राहिला नसता. माझा झाला असता. त्याने आपलं खरं माझ्या हाती दिलं होतं, आणि ते मी त्याच्याच भल्यासाठी बदलायचं? मला तो आवडला होता. इतका आवडला होता की तेवढं मला करवेना.

"हो," मी म्हणाले, आणि माझे डोळे भरून आले. "या वेळी वारा बघून, जास्त सावकाश. पण वळवीन."

वकील समाधानाने खुर्चीत रेलला. मी मात्र उभी राहिले.

"दुभाषीला काही सांगायचं आहे."

"बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"दुभाषीची आणि चालकांची ओळख आहे. आज सकाळची. बाहेरच्या सिग्नलपाशी. सही केली तेव्हा चालक हेच आहेत हे दुभाषीला माहीत नव्हतं, पण ते आत आल्यावर तिने सांगायला हवं होतं. आणि... मघाशी त्यांना पाणी नको होतं. दुभाषीने एक वाक्य गाळलं."

वकील ताडकन उठला. "ही सुनावणीच रद्द करा!"

"थांबा हो," अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "काय वाक्य होतं? नोंदीसाठी जसंच्या तसं सांगा."

यंत्राचा लाल ठिपका चमकत होता. मी त्या ठिपक्याकडे बघून सांगितलं. "'सकाळी तुम्ही किती छान हसत होता... आता का नाही?'"

कारकुनाने तोंडावर फाइल धरली. काय चाललंय ते मी चालकाला त्याच्या भाषेत सांगितलं, तेव्हा त्या रापलेल्या चेहऱ्यावरही लाली चढली.

"एवढंच होतं," पांढऱ्या मिशांचे कप्तान पहिल्यांदाच बोलले. "त्यांच्याकडच्या पाण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. भाषा अजून कानात आहे. या पोरीने पाणी मागितलं तेव्हाच मला कळलं. म्हटलं, बघू या, कधी सांगते." मग ते वकिलाकडे वळले. "या बाईला त्याची बाजू घ्यायची असती तर ती शेवटच्या उत्तराला घेतली असती. सगळं बुडवणारं उत्तर तिने रडत रडत, पण बरोबर सांगितलं. आता यापेक्षा निःपक्ष दुभाषी आणायचा कुठून?"

वकील खाली बसला.

समिती बाजूच्या खोलीत गेली. आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना. बोलायचं नाही हा नियम. तो माझ्याकडे बघत होता आणि मी पाण्याच्या तांब्याकडे. त्या तांब्याकडे इतकं निरखून कुणी आजवर पाहिलं नसेल.

निकाल लागला. बोटीचा परवाना राहील, पण हा मोसमभर दुसऱ्या चालकाच्या देखरेखीखाली बोट चालवायची. आणि दुभाषीबाईंना पुढचा महिनाभर समितीचं काम नाही. "नियम म्हणजे नियम," अध्यक्षबाई मला म्हणाल्या, आणि मग फाइल बांधता बांधता, "तो सिग्नल दुरुस्त झाला का हो?"

झाला होता. खाली आलो तेव्हा दिवा हिरवा होता.

"माझ्यामुळे तुमचं काम गेलं," तो म्हणाला.

"महिनाभरच."

"मला माझ्या बोटीवर जायचंय, संध्याकाळच्या फेरीला." तो थांबला. पायांची चुळबुळ केली, बाही सारखी केली. "पण त्याआधी... दुभाषी काय म्हणते?"

बोलायला हवं होतं. सगळं होतं ओठांवर. पण दिवसभर दुसऱ्याचा 'मी' वागवून माझा कुठे ठेवलाय तेच सापडेना.

"दुभाषीला स्वतःचं काही म्हणायचं नसतं," मी म्हटलं. आणि म्हणताच जीभ चावली.

त्याने मान डोलावली. हळू, समजुतीने. "बरं," म्हणाला, आणि हिरव्या दिव्यातून पलीकडे गेला.

मी तिथेच होते. हाक मारावी असं वाटत होतं आणि घशातून आवाज निघत नव्हता. हात हलवावा तर हात उचलत नव्हता. मी नुसती उभी राहिले.

पलीकडच्या कडेला पोचून त्याने मागे बघितलं.

दिवा लाल झाला होता. रस्ता रिकामा, लांबवर एकही गाडी नाही. त्याने मला तसं बघितलं, आणि त्याचा चेहराच बदलला. त्याचं पाऊल पदपथावरून खाली आलं...

"थांबा!" मी ओरडले. "लाल आहे! परवाना आत्ताच वाचलाय तुमचा, आणि वर खिडकीत सगळे उभे आहेत!"

खरंच होते. पांढऱ्या मिशा तर काचेला चिकटल्या होत्या.

"मग काय करू?" तो पलीकडून ओरडला.

मी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. दिव्याकडे मात्र बघितलं नाही.

"तू तिथेच थांब," मी म्हणाले. "मी येते."

दिवसभरात कितीतरी वेळा 'मी' म्हटलं होतं. हा तेवढा माझा होता. मी रस्ता ओलांडला आणि त्याचा हात धरला.