उलटे अर्थ

भोरच्या वाचनालयात जाडजूड इंग्रजी कोश एकच, आणि त्या दुपारी तो एका परक्या तरुणानं अडवून ठेवलेला. सौदामिनी बराच वेळ ताटकळली, मग मुद्दाम खाकरली.

"कोणता शब्द हवाय?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"मॅग्नॅनिमस."

"थोर मनाचा." आता त्यानं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला. "मी तेवढा नाही. कोश मिळणार नाही."

आगाऊच दिसतोय, असं मनाशी म्हणत ती निघाली. पण पायऱ्या उतरताना हसू काही आवरेना.

हा केशव. तोरण्याखालच्या वेल्ह्याचा, भोरला नव्यानं आलेला इंग्रजीचा मास्तर. संस्थानच्या कचेरीत असलेल्या तिच्या वडिलांनी, अण्णांनी, नेमकं त्यालाच तिच्या शिकवणीला आणलं. साताऱ्याचं स्थळ चालून आलं होतं. मुलगी अवघड इंग्रजी शब्दांत तयार हवी, अशी मुलाच्या वकील मामांची अट. बघायला येतील तेव्हा परीक्षा तेच घेणार होते.

शिकवणी सुरू झाली आणि सौदामिनी पार गोंधळून गेली. तिनं बरोबर अर्थ सांगितला की मास्तरांचा चेहरा उतरायचा. चुकली की कळी खुलायची! एकदा तिनं सगळे शब्द धडाधड सांगितले, तर पठ्ठ्या चहा न घेताच उठून गेला. हा असा कसा शिक्षक? आणि त्याची चाहूल लागली की आपलं काळीज का धडधडतं? साताऱ्याला जायचं नाही, एवढं तिला पक्कं कळत होतं. पण कुणासाठी? ज्याच्या मनाचा थांग लागत नाही त्याच्यासाठी?

मंडळी बघायला आली. अण्णांच्या आग्रहावरून केशवही ओटीवर कडेला बसला होता.

"ऑब्स्टिनेट?" मामांनी विचारलं.

"आज्ञाधारक," सौदामिनी खाली मान घालून म्हणाली.

"रिलक्टंट?"

"उतावीळ."

मामांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. उरलेल्या शब्दांचाही तिनं असाच निकाल लावला. 'कळवतो' म्हणून मंडळी उठली, आणि अण्णा कपाळाला हात लावून माजघरात जाऊन बसले.

केशव दाराशी चपला घालत होता. "सगळे अर्थ नेमके उलटे सांगितलेत," तो हळूच म्हणाला. "त्यासाठी सुलटे पक्के यावे लागतात."

"येतात. तुम्हीच शिकवलेत. मग मला बरोबर आलं की तुम्ही उदास का व्हायचात?"

"एकेक शब्द आला की तुम्ही साताऱ्याच्या जवळ जात होतात... आणि धाडत मीच होतो. माझं प्रेम आहे तुमच्यावर, सौदामिनी."

एवढे अवघड शब्द पाठ, पण साधं 'हो' काही ओठांवर येईना. तिनं नुसती मान हलवली.

केशवनं घातलेल्या चपला पुन्हा काढल्या आणि तो माजघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला.

"अण्णा," तो म्हणाला, "भोरातलंच एक स्थळ आहे. त्याची काही अट नाही."