चिंचेच्या पाण्यातलं तांबं

निर्मला गेल्याचा फोन आला तेव्हा मी खाणीत ड्रिल मशीनवर होतो. दुपारचे दोन वाजले होते. मशीन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि तिथंच खाली बसलो. ती माहेरी आळ्याला गेली होती. सकाळी बोलताना ताप उतरलाय म्हणाली होती.

त्याला आता सात महिने झाले. मला रडगाणं लिहायचं नाही. आमचं कसं जमलं ते लिहितो, कारण ते चांगलं जमलं होतं.

दहा वर्षांपूर्वी मी मध्य प्रदेशातून सुट्टीवर येत होतो. आळेफाट्याच्या स्टँडवर पिशवीचा बंद तुटला आणि आतले दगड घरंगळले. बाकड्यावरच्या मुलीनं पायाशी आलेला एक उचलला.

"पावणं, जुन्नरला दगडं कमी पडली व्हय?"

"तांब्याच्या खाणीतली हायेत."

"ह्यात तांबं कुठंय? गंजलेलं लोखंड दिसतंय."

तिचं बरोबर होतं. तो सगळ्यात वरच्या पायरीचा तपकिरी दगड होता. मी तिला सांगितलं, खाण म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा, एवढा मोठा की तळातला डंपर खेळण्यातला वाटतो. वरचं तांबं हजारो वर्षांच्या पावसानं धुऊन खाली नेलं, मागं गंज राहिला. त्याखाली हिरवा-निळा दगड. आणखी खाली झिरपलेलं तांबं साठून झालेला काळा थर, लई श्रीमंत. आणि तळाला पांढऱ्या गारगोटीत सोन्यासारखं पिवळं खनिज.

"म्हंजे वरून बघून आतलं कळत न्हाई."

"न्हाई."

"माणसासारखंच की," ती म्हणाली आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. तेवढ्यात एसटी आली. दगड तिनं परत दिला नाही.

जुन्नरला तहसील कचेरीजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्या सुट्टीत मी रोज तिथं.

"आधार कार्डाच्या किती कॉप्या काढणार? माणूस एकच हाय ना?"

"दगड बरा हाय का बघायला आलो."

"त्याला काय झालंय? खालच्या पायरीचा कवा आणणार ते बोला."

पुढच्या सुट्टीत हिरवा नेला. तिनं तो हातात घेतला आणि उजेडाकडं धरून फिरवत राहिली. गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं.

तिसऱ्या सुट्टीत विचारायचं ठरवूनच आलो. तिचे वडील जानकूमामा, म्हणजे तिचे आण्णा, स्थळं बघत होते. मंचरचं एक जवळजवळ ठरत आलं होतं. मी काळा दगड खिशात घालून दुकानात गेलो. काउंटरवर तपकिरी दगड होता, हिरवा नव्हता.

"हिरवा कुठं गेला?"

तिनं खण ओढला. दगड फिक्कट पडला होता, जागोजागी खड्डे.

"मी खराब केला… तांब्याचा दगड म्हणाला व्हता ना. तांब्यावर हिरवं आलं तर तो कळंक. आई हंडा चिंचेनं घासती. मला वाटलं, हिरवं निघालं की आत लाल तांबं दिसंल. चार दिस चिंचेत ठेवला."

"मग?"

"हिरवं गेलं. आत तांबं नव्हतंच."

मला हसू आलं. ती चिडली. "हसताय काय, राव?"

"अगं, ते हिरवं म्हंजेच तांबं व्हतं. पाणी टाकलंस?"

"न्हाई. तुमची वस्तू व्हती, टाकवंना." तिनं मागून बाटली काढली. पाणी हिरवट निळं झालं होतं. मग थांबून म्हणाली, "आज एकदम अगं?"

मी भिंतीतला लोखंडी खिळा काढला, फरशीवर घासून चकचकीत केला आणि बाटलीत टाकला. आम्ही वाट बघत बसलो. दोन गिऱ्हाइकं आली. तिनं त्यांना कागद दिले, पण नजर बाटलीवरच. हळूहळू खिळा लाल झाला.

"आलं…" ती हळूच म्हणाली. "तांबं आलं."

"गेलंच नव्हतं. मंचरला न्हाई म्हणून कळव."

"का म्हणून?"

"माझ्याशी लग्न कर."

"इतकं सरळ?"

"मला दुसरं येत न्हाई."

ती खिळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आण्णांना मी सांगते. पण मला खाणीच्या तळाला न्यायचं. काठावरून दाखवून भागायचं न्हाई. तो पिवळा दगड मी माझ्या हातानं उचलणार."

"नेतो," मी म्हणालो आणि खिशातला काळा दगड काउंटरवर ठेवला.

जानकूमामा चार दिवस बोलले नाहीत, पाचव्या दिवशी माझा पगार विचारला. दिवाळीनंतर लग्न झालं. आठ वर्षं आम्ही खाणीच्या कॉलनीत राहिलो. आम्ही सुखात होतो, हे मी खात्रीनं सांगतो. काठावरून तिनं खाण कितीदा तरी बघितली. तळाला जायला परवानगीचा अर्ज लागायचा. कधी पावसाचं पाणी साठलेलं, कधी ब्लास्टिंग, कधी माझी कामाची पाळी. ती आठवण करून द्यायची, मी पुढच्या महिन्यात म्हणायचो.

अर्ज मी कधी भरला नाही. तिला तळाला न्यायचं राहिलं.