कमानीतल्या सात खुणा

"बाबांचा हात लागला म्हणून कमान पडली? असं म्हणाला तो पंडित?" ठिणगीने सायकल धाडकन भिंतीला टेकवली.

"अगदी असंच," तिचा मामेभाऊ म्हणाला. चष्म्यामुळे त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. "दीक्षा न घेतलेल्या हाताने पवित्र खुणांना छिन्नी लावली, म्हणे! दुरुस्ती समितीच्या अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि तुझ्या बाबांना कामावरून काढलं."

"चारचौघांत?"

"सगळ्या मजुरांसमोर."

ठिणगीचे कान लाल झाले. तिचे बाबा पाथरवट होते. एका जुन्या पंथाचं गोल दीक्षागृह दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे होतं. दारावर त्रिकोणातला डोळा, शेपूट गिळणारा साप, दोन खांबांवर सूर्य आणि चंद्र! सुट्टीभर पोरं तिथेच पडीक असायची. मग आले गूढपंडित. रेशमी झब्बा, हातात काठी. कमानीच्या सात दगडांवरच्या सात खुणा म्हणजे दीक्षेच्या सात पायऱ्या, तेव्हा त्या दर्शनी बाजूलाच हव्यात, असं त्यांचं म्हणणं. बाबांनी तीनदा सांगितलं, "दगड फिरवू नका." पण बाबा दगड निवडायला खाणीवर गेले, तेवढ्यात पंडितांनी मजुरांकडून सगळे दगड फिरवून घेतले आणि फटीत सिमेंट कोंबलं. दुसऱ्या सकाळी, बाबा परतायच्या आतच, कमानीखालचा आधाराचा लाकडी साचा काढला आणि कमान कोसळली. नशीब, खाली कुणी नव्हतं! पण करणारा नामानिराळा राहिला आणि खापर फुटलं बाबांच्या डोक्यावर.

"चल," ठिणगी म्हणाली. "ते दगड बघायचेत मला."

दीक्षागृहाच्या अंगणात सातही दगड मांडून ठेवले होते. ठिणगीचा धाकटा भाऊ लिंबू एका दगडावर बसला आणि लगेच ओरडला, "शी! माझी चड्डी काळी झाली!"

"ऊठ, ऊठ!" प्रोफेसर खाली वाकला. "काजळी आहे ही. जुन्या दिव्यांची. पण इथे तर एकही खूण नाही."

"म्हणजे दिव्यासमोर ही साधी बाजू होती!" ठिणगीने शेजारची बाजू नखाने खरवडली. त्या बाजूवर मासा कोरला होता आणि माशाच्या खाचेत जुना, पिवळट चुना घट्ट बसला होता. "आणि ही बाजू सांध्यात. भिंतीच्या पोटात!"

लिंबू सगळ्या दगडांभोवती रांगत फिरला. "ताई, याच्या एका बाजूला मासा, दुसऱ्या बाजूला बाण. त्याच्या एका बाजूला बाण, दुसरीकडे चंद्रकोर!"

तिघांच्याही एकदम लक्षात आलं. बाणाला बाण लागायचा, चंद्रकोरीला चंद्रकोर. कुठल्या दगडाशेजारी कुठला बसवायचा, हे लक्षात राहावं म्हणून जुन्या पाथरवटांनी केलेल्या खुणा होत्या त्या! दारावरचा डोळा आणि साप पंथाचे असतील, पण या खुणा कामाच्या होत्या.

"आणि या अतिशहाण्याने त्यांची पूजा मांडली!" ठिणगी दातओठ खात म्हणाली.

दुपारी अध्यक्षबाई आणि पंडित कार्यालयात चहा घेत होते. ठिणगीने टेबलावर कपडे धुण्याच्या साबणाचे सात तुकडे ठेवले. पाचरीसारखे कापलेले, वर रुंद, खाली निमुळते. सांध्यांत खुणाही कोरल्या होत्या.

"पंडितकाका, तुमच्या सात पायऱ्या आम्हाला दाखवा ना," ती गोड आवाजात म्हणाली.

पंडित खुलले. पालथ्या वाडग्यावर त्यांनी खुणा पुढे करून तुकडे रचले, दोन्हीकडे जाड पुस्तकं टेकवली. "आधार बाहेरून नसतो, बाळांनो. तो खुणांच्या शक्तीत असतो!"

"मग काढू वाडगा?" लिंबूने विचारलं आणि काढलाही.

धप्प! एक तुकडा थेट पंडितांच्या चहात!

ठिणगीने तेच तुकडे खुणेला खूण लावून रचले. वाडगा निघाला. कमान जागची हलली नाही. वर प्रोफेसरने पेपरवेट ठेवला, तरीही नाही.

"पोरखेळ!" पंडित गरजले.

"मग बाहेर चला आणि दगडाला विचारा!" ठिणगी त्यांच्याहून मोठ्याने ओरडली. "पाचर फिरवली की ती पाचर राहते का? काजळी कुठे आहे बघा, चुना कुठे आहे बघा! माझ्या बाबांनी सांगितलं होतं. तीनदा!"

अध्यक्षबाई उठून अंगणात आल्या. त्यांनी एकेक दगड स्वतः हाताने चाचपला. काजळीने त्यांची बोटं काळी झाली, तोंड उतरलं.

"शाब्बास, पोरांनो. तुम्ही आमचे डोळे उघडलेत. बाबांना निरोप द्या, उद्यापासून कामावर या म्हणावं."

"शाब्बासकी नको मला!" ठिणगी म्हणाली. "काढलंत चारचौघांत आणि बोलावणार निरोप धाडून?"

पंडितांनी काठी उचलली आणि फाटकाची वाट धरली.

"थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "त्यांना आणायला तुम्हीही चला."

अर्ध्या तासाने बाबा अंगणात उभे होते, सगळ्या मजुरांसमोर. अध्यक्षबाईंनी हात जोडले. "चूक आमची होती. तुमचं ऐकलं नाही, वर तुमचीच अब्रू घालवली. माफ करा."

पंडितही खाली बघून तेच पुटपुटले.

"मोठ्याने," ठिणगी म्हणाली.

पंडितांनी ते पुन्हा म्हटलं. मोठ्याने.